अनेक विषय, एक प्रश्न

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता कोणती लाईन घ्यायची? विज्ञानाच्या मुलाने इतिहासाकडे पाहायचे नाही आणि कला शाखेच्या मुलीने गणिताचे नाव काढायचे नाही, ही आपल्याकडची रीत. परंतु जगातील काही विद्यापीठांनी या भिंती मुद्दाम पाडल्या आहेत. आपल्या पालकांना व विद्यार्थ्यांना त्याची माहिती व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे युनिव्हर्सिटी कॉलेज हे त्याचे चांगले उदाहरण. १९९८ साली, पूर्वीच्या लष्करी बराकींच्या आवारात ते सुरू झाले. देशोदेशीचे विद्यार्थी तेथेच राहतात व इंग्रजीतून शिकतात. तीन वर्षांच्या पदवीत प्रत्येक सत्रात चार विषय असतात. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान या तिन्ही शाखांची तोंडओळख प्रत्येकाला करून घ्यावीच लागते. विषय निवडताना मार्गदर्शक शिक्षक सोबत असतो. वर्ग लहान, लेखन व चर्चा भरपूर.

याचा उपयोग काय? पाण्याचाच प्रश्न घ्या. पाणी दूषित का झाले हे रसायनशास्त्र सांगेल. पण विहीर कोणाची आणि रांगेत शेवटी कोण, हे समाजशास्त्र व इतिहासच सांगतील. प्रश्न शाखा पाहून येत नाहीत.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या बाबासाहेबांनी तेथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिव्यवस्थेवरील निबंध वाचला. तो लिहिणारा विद्यार्थी मुळात अर्थशास्त्राचा होता, हे लक्षात घ्यावे.

आता अडचणीही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क बरेच जास्त पडते, आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहेत, पहिल्या पदवीसाठी नाहीत. शिवाय २०२२ च्या केंद्रीय नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. त्या नियमाने १९१६ चा तो निबंधही बाहेरच राहिला असता! अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

दुसरा धोका विखुरलेपणाचा. चार विषय चाखले आणि एकही पचला नाही, तर पुढील पदव्युत्तर प्रवेश अडतो. म्हणून एक विषय खोल व त्याला जोडून दोन-तीन विषय, असा बेत असावा.

आमचे सांगणे असे की, ज्यांना पदवीसाठी परदेशी जाणे परवडणार नाही त्यांनी येथेच मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा, इंग्रजी लेखनाचा रोज सराव करावा आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर बाहेर पडावे. पालकांनीही 'लाईन कोणती?' असे विचारण्याऐवजी 'तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?' असे आपल्या मुलामुलींना विचारून पाहावे. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. विचाराला सुरुवात तर होईल.