घर बदलताना गहाण-कर्जाचे स्थानांतर

एका घराच्या तारणावर काढलेले कर्ज घर बदलताना नव्या घरावर नेता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ बँक-व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः गहाणाचे कायदेशीर स्वरूप आणि व्याजदराचे आर्थिक मोल अशा दोन भिन्न गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये या स्थानांतरास ‘पोर्टिंग’ म्हणतात. तेथील व्यवहारावरून या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

गहाण हे विशिष्ट स्थावर मिळकतीवरच असते. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५८ वे कलमही गहाणाची व्याख्या याच आधारावर करते. त्यामुळे घर विकताना जुने कर्ज फेडून गहाण सोडवावे लागते आणि नव्या घरावर नवे गहाणखत करावे लागते. म्हणजेच स्थानांतर होते ते गहाणाचे नव्हे, तर जुन्या करारातील व्याजदराचे व शर्तींचे.

या दराचे मोल बाजारातील दर चढल्यावर कळते. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत शेकडा ०.१ होता, ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ वर गेला. समजा, एखाद्या ऋणकोचे २,००,००० पौंडांचे कर्ज शेकडा २ या ठराविक दराने चालू आहे. नव्या घरासाठी त्यास आणखी ५०,००० पौंड हवे आहेत आणि चालू दर शेकडा ५ आहे. जुना दर सोबत नेल्यास पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ४,००० अधिक २,५००, म्हणजे ६,५०० पौंड होईल. सर्वच कर्ज नव्याने काढल्यास ते १२,५०० पौंड होईल. शिवाय मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल शेकडा ३ आकार असल्यास ६,००० पौंड एकदाच द्यावे लागतील, ते वेगळेच.

परंतु ही सवलत निरपवाद हक्क नव्हे. ऋणकोस पुन्हा अर्ज करावा लागतो. धनको त्याचे उत्पन्न, खर्च आणि नव्या घराचे मूल्य तपासतो. एप्रिल २०१४ पासून ब्रिटनमध्ये परतफेडीच्या ऐपतीची तपासणी अधिक कडक झाली. नोकरी बदललेल्या वा उत्पन्न घटलेल्या ऋणकोस, तो नियमाने हप्ते भरत असला तरी, नकार मिळू शकतो. ज्यास स्वस्त दराची गरज सर्वाधिक, त्याच्याच हातून तो निसटण्याचा संभव राहतो.

अमेरिकेत तीस वर्षांचे ठराविक दराचे कर्ज सर्रास आढळते. परंतु घर विकताच संपूर्ण कर्ज देय ठरविणारी शर्त करारात सामान्यतः असते. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन अधिनियमाने या शर्तीस देशभर सर्वसाधारण मान्यता दिली. परिणामी २०२२ नंतर दर चढताच अनेक घरमालकांनी घर विकण्याचे टाळले.

भारतात गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असतात, आणि अशा कर्जांच्या मुदतपूर्व फेडीवर आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. जपून नेण्याजोगा जुना दरच नसल्याने येथे हा प्रश्न तितका तीव्र होत नाही.

तात्पर्य, स्थानांतराची सोय धनकोच्या संमतीवर अवलंबून असते. करारातील तिचा नुसता उल्लेख म्हणजे घर बदलण्याचे स्वातंत्र्य नव्हे.