संगणकाची पहिली भाषा कोणती शिकावी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता भाषणापुरते राहिलेले नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील मुलेमुली पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरची कामे करू लागली आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही वाटते, हे आपल्याला जमेल काय? असे वाटताच पहिला प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्ट ही नावे कानांवर पडतात आणि प्रत्येक जण आपलीच भाषा श्रेष्ठ म्हणून सांगतो. शहरातील क्लासची फी आमच्यासारख्या घरात ऊसतोडीच्या उचलीतून काढावी लागते. म्हणून ही निवड डोळसपणे झाली पाहिजे.

प्रथम या भाषा कशासाठी जन्मल्या ते पाहू. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. माणसाने सारे काही शून्य-एकात लिहिणे फार अवघड. म्हणून दोघांच्या मध्ये एक भाषा आली. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषा सिद्ध केली, ती शास्त्रीय आकडेमोडीसाठी. त्यानंतर लवकरच कोबोल आली, ती व्यापारी हिशेबासाठी. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करणे हे तिचे बळ. १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांची पायथन प्रसिद्ध झाली. वाचायला सोपी असणे हा तिचा गुण. १९९५ मध्ये जावा आणि जावास्क्रिप्ट आल्या. या दोघींच्या नावांत साम्य असले, तरी भाषा निराळ्या आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक भाषा कोणत्या तरी कामासाठी निर्माण झाली. ज्यांची समाधी आपल्या अंबाजोगाईस आहे, त्या मुकुंदराजांनी वेदान्ताचा विषय मराठीत मांडला, तो संस्कृत न जाणणाऱ्यांपर्यंत पोचावा म्हणून. भाषा श्रेष्ठ की कनिष्ठ, यापेक्षा ती कुणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न मोठा. संगणकाच्या बाबतीतही तेच खरे आहे.

मग काम कोणते? वेबसाइट करायच्या असतील तर एचटीएमएल व सीएसएसने पानाची मांडणी होते आणि जावास्क्रिप्टने त्या पानात हालचाल येते. अँड्रॉइड मोबाइलची अ‍ॅप करायची तर कोटलिन. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारात जावा पुष्कळ चालते. माहितीचे विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत पायथनचा बोलबाला आहे. साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्यासाठी एसक्यूएल लागते, आणि ती जवळजवळ सगळीकडे उपयोगी पडते.

आता भाषेहूनही महत्त्वाची गोष्ट. एक उदाहरण घेऊ. टोळीने आठ दिवस ऊस तोडला. मजुरीचा हिशेब करायचा आहे. संगणकाला सांगायचे: एकूण टन शून्य धर. प्रत्येक दिवसाचे टन त्यात मिळव. असे आठ वेळा कर. आलेल्या बेरजेला दराने गुण. मजुरी उचलीपेक्षा कमी असेल तर किती फिटायचे राहिले ते सांग; नसेल तर हाती काय येणार ते सांग. यातील ‘एकूण’ हा बदलत जाणारा आकडा म्हणजे चल, ‘आठ वेळा’ हे आवर्तन आणि ‘असेल तर’ ही अट. या तीन गोष्टी वर सांगितलेल्या पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्ट, कोटलिन या साऱ्यांत आहेत. एकीत त्या पक्क्या झाल्या की दुसरी भाषा शिकणे कठीण जात नाही. आमच्या घरी हा हिशेब कायम दुसऱ्याच्या वहीत राहिला, तो पडताळून पाहणारे कोणी नव्हते. म्हणून मला वाटते, प्रोग्राम लिहिता येणे म्हणजे हिशेब पायरीपायरीने मांडता येणे आणि तो तपासता येणे. आज कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्राम लिहून देते, हे खरे. पण तो बरोबर आहे की नाही हे ओळखणारा माणूस लागतोच.

माझे मत विचाराल तर कला शाखेच्या विद्यार्थ्याने आरंभ पायथनने करावा. तिच्यात चिन्हांचा पसारा कमी, ती विनामूल्य मिळते आणि संगणक नसला तर सुरुवातीचे धडे मोबाइलवरही गिरवता येतात. वेबसाइटचेच काम करायचे असा निश्चय असेल, तर मात्र सरळ जावास्क्रिप्ट घ्यावी. पुढे कोणत्याही वाटेने गेलो तरी एसक्यूएल जोडीला हवीच.

फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. महिनाभर पुण्यातील नोकऱ्यांच्या जाहिराती वाचून, नवशिक्यांसाठी कोणत्या भाषेचे नाव किती वेळा येते ते वहीत टिपावे. दुसरे, मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमातील धडे पाहावेत. ते विनामूल्य आहेत आणि त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीतही आहे. दोन महिने रोज तासभर यात गोडी टिकली, तरच पैशाचा विचार करावा. बारावीला किंवा पदवीला गणित असेल, तर बी. ए. नंतर एम. सी. ए. ची वाटही खुली आहे.

मित्रहो, चार भाषांची तोंडओळख असण्यापेक्षा एका भाषेत पुरे केलेले एक लहानसे काम अधिक मोलाचे. ते काम दाखवता येते, आणि मुलाखत घेणारा तेच पाहतो. भाषा कोणती, हे ठरवायला आठवडा पुरे. ती अंगी मुरायला मात्र वर्ष द्यावे लागेल.