हातशिलाईचा सांधा

सुरतच्या नवागाम-दिंडोली पट्ट्यात खानदेशी घरं खूप. कुणी लूमवर जातं, कुणी घरबसल्या साड्यांना लेस लावतं. हातशिलाई आणि मशीनशिलाई यांचा भाव वेगळा, हे इथे कुणाला शिकवायला नको. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून केलं की बिल फुगतं, त्यातही या फरकाचा वाटा असतो.

रोगट भाग कापला की आतड्याची उरलेली दोन तोंडं जोडायची. पोटाच्या आतच जोडायची तर बहुधा लांब दांड्याचा स्टेपलर लागतो. त्यातली पिनांची कार्ट्रिज एकदाच चालते; दर वेळी नवी, दर वेळी पैसे. पण कापलेला तुकडा बाहेर काढायला लहानशी चीर द्यावीच लागते ना? मग उजव्या बाजूच्या आतड्यासाठी आजूबाजूपासून ते सुटं करण्याचं काम दुर्बिणीतून करायचं, तोंडं त्याच चिरेतून बाहेर घ्यायची आणि विरघळणाऱ्या धाग्याने हाताने शिवायची. सांधा आत केला तर पोट लवकर कामाला लागतं, हेही खरं. पण दोन धाग्यांत भागणारं काम महागड्या पिनांवर का घालवायचं?

यंत्राचा सांधा जास्त पक्का, असं म्हणावं तर अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११च्या कॉक्रेन आढाव्याने उजव्या बाजूला स्टेपलरला कौल दिला आणि युरोपातल्या २०१५च्या पाहणीत नेमकं उलट दिसलं. सांधा धरतो तो आतड्याच्या अस्तराखालच्या चिवट थरामुळे. अमेरिकन सर्जन हॅल्स्टेडने १८८७मध्येच ते दाखवलं होतं. टाका त्या थरातून गेला पाहिजे, कडांना रक्त पोचलं पाहिजे, ताण पडता कामा नये. सुश्रुतसंहितेत तर आतड्याच्या कडांना काळे मुंगळे चावायला लावून त्यांची धडं तोडायला सांगितलं आहे. डोकी तशीच राहायची. याहून स्वस्त स्टेपलर कुठला!

मात्र गुदाशयाजवळ, कमरेच्या अरुंद हाडांत, हात पोचत नाही. तिथे गोल स्टेपलरची काटकसर करू नये. सांधा फुटला तर दुसरं ऑपरेशन, आयसीयू, पोटावर पिशवी. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च. टेबलावरच एक तपासणी मात्र जवळजवळ फुकटात होते: ओटीपोटात सलाइन भरायचं, गुदद्वारातून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. सायकलवाला पंक्चर बघतो तसंच.