एकट्याला एकच सूर

मनगटावरचं घड्याळ दिवसाची पावलं मोजतं, पण त्या आकड्याशी शेजाऱ्याला काही देणंघेणं नसतं. शरीर हलवणं ही अशी ज्याची त्याची खासगी बाब होऊन बसली असताना कॅनडातल्या माँट्रियल शहरात २०११ च्या वसंतात रस्त्याकडेला टांगलेले २१ झोपाळे मुद्दाम समजून घ्यावेत असे आहेत. 'डेली तू ले जूर' या तिथल्याच स्टुडिओच्या मूना आंद्राओस आणि मेलिसा मोंजिया यांची ही कलाकृती. झोपाळा हलला की त्यातून सूर उमटतो. काहींतून पियानोचा, काहींतून गिटारचा, हार्पचा किंवा व्हायब्राफोनचा. खरी गंमत पुढे आहे. एकट्याने कितीही जोरात झोके घेतले तरी हाती लागतात मोजकेच सूर. काही धुना मात्र अनेकांनी एकमेकांच्या लयीत झोके घेतले, तरच वाजतात. रचना ठरवताना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लुक-अलँ जिराल्दो यांची मदत घेतली होती, ती सहकार्य नेमकं कशाने घडतं हे जाणून घेण्यासाठी. कोणी कोणाला 'चला, एकत्र या' म्हणत नाही. अनोळखी माणूस शेजारच्याच्या झोक्याकडे बघून आपला वेग आपणच सांभाळतो. फुगडी एकट्याने घालता येत नाही, तसंच हे.

माझ्या मते अशा कलेची कसोटी हीच: दुसऱ्याच्या श्रमाशिवाय माझे श्रम अपुरे राहतात का? स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्थानकातला जिना २००९ मध्ये पियानोच्या पट्ट्यांसारखा रंगवून वाजता केला होता. सरकता जिना सोडून तो चढणारे ६६ टक्क्यांनी वाढले, असा दावा झाला. पण ती फोक्सवॅगनची जाहिरात होती, मांडणी तात्पुरती होती आणि आकडा जाहिरातवाल्यांचाच. नवलाई ओसरल्यावर काय, ही शंका तिथे अगदी रास्त आहे. पायऱ्या एकट्यालाही वाजवता येतात; सवयीच्या झाल्या की त्यांत शोधण्यासारखं फारसं उरत नाही. झोपाळ्यांवर मात्र सोबतीची माणसं बदलतात आणि त्यांच्याबरोबर ऐकू येणारं संगीतही. ते पुढेही अनेक वसंतांत परत लागले, याचं एक कारण मला हेच वाटतं.

दहा मिनिटांच्या झोक्यांनी तब्येत सुधारत नाही, हा आक्षेप मान्यच करावा. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाची जागा झोपाळा घेऊ शकत नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नको. याहून बोचरा प्रश्न आहे तो ज्यांना झोपाळ्यावर बसताच येत नाही त्यांचा. कलाकार रफाएल लोसानो-हेमर यांच्या २००६ च्या 'पल्स रूम' या कलाकृतीत त्याचं थोडं उत्तर सापडतं. तिथे फक्त हातांनी संवेदक धरायचा. आपल्या हृदयाच्या ठोक्यांवर दिवा लुकलुकतो आणि नवा माणूस आला की आपले ठोके पुढच्या दिव्यावर सरकतात. अर्थात तिथे आपल्या शेजारी लुकलुकतात ते आधी येऊन गेलेल्यांचे ठोके. झोपाळ्यावर मात्र जोडीदार त्याच क्षणी शेजारी लागतो.