सोंडेशेजारचं नाक

मलेरियाचा डास ओळखायची ठरलेली खूण म्हणजे त्याची बसण्याची ढब. अनोफिलिस भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसतो. भिंगाखाली आणखी एक खूण दिसते. मादीच्या सोंडेच्या दोन्ही अंगांना सोंडेइतकेच लांब दोन अवयव असतात, अनेक जातींत त्यांवर पांढरे पट्टे. कीटकशास्त्रात त्यांना पाल्प म्हणतात. क्युलेक्स आणि एडीसच्या माद्यांमध्ये हेच पाल्प आखूड, सोंडेच्या बुडाशी चिकटलेले. लांब असोत की आखूड, डासाच्या नाकाचा एक भाग तिथेच असतो. उरलेलं बरंचसं नाक डोक्यावरच्या मिशांवर, म्हणजे शृंगिकांवर.

मुंबईच्या उत्तरेला लागून असलेल्या काशीमीऱ्यात या नाकाला काय काय वास येत असतील? नाक्यावरून ठाण्याकडे वळणाऱ्या ट्रकांचं डिझेल, गाड्यांवरची तळणी, पूर्वेकडून वारा आला तर नॅशनल पार्कातला कुजका पाला. हे सगळे आपल्यालाही येतात. आपल्याला अजिबात येत नाही तो आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास, आपण सोडलेल्या श्वासात चार टक्के. डासाच्या मादीला हा फरक कळतो आणि तो कळतो पाल्पवर.

पाल्पवर खुंटीसारखे सूक्ष्म केस असतात. केस पोकळ, त्यांच्या भिंतीला असंख्य छिद्रं, आत द्रव आणि द्रवात चेतापेशींची टोकं. एडीसच्या अशा एका केसात तीन चेतापेशी सापडतात: त्यांतली एक कार्बन डायऑक्साइड टिपते, दुसरी ऑक्टेनॉल नावाचं रसायन, जे गुरांच्या श्वासात असतं आणि आपल्या घामातही. श्वासाची झुळूक लागली की मादी सावध होते, वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते. त्वचेचा वास, अंगाची ऊब आणि गडद आकार हे सगळं त्यानंतर.

कीटकांच्या नाकाच्या अभ्यासाचं एक घराणं आपल्या मुंबईतच आहे, याची आठवण मराठीत फारशी कुणी काढत नाही. १९६२ साली होमी भाभांनी ओबेद सिद्दिकींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं. पुढे त्यांच्या हाताखाली व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या, मूळच्या गोव्याच्या, पण पूर्व आफ्रिकेत वाढलेल्या. दोघांनी कुलाब्यातल्या या संस्थेत फळांवर घोंघावणारी चिमुकली ड्रोसोफिला माशी हाती घेतली. वासाची जाण बिघडलेल्या माश्या शोधायच्या आणि कोणत्या जनुकात बिघाड आहे ते पाहायचं, अशी त्यांची रीत. कडू बदामासारख्या वासाच्या बेंझाल्डिहाइडची दखलच न घेणाऱ्या माश्या त्यांना सापडल्या. १९७८ साली हे काम छापून आलं. वासाच्या ग्राहक रेणूंची जनुकं सस्तन प्राण्यांत सापडली १९९१ साली, माशीत १९९९ साली. म्हणजे कुलाब्यातली मंडळी किती आधी या वाटेला लागली होती! १९८४ साली रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी बुखनर यांनी किरणोत्सारी साखर वापरून दाखवलं की वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूतली वेगवेगळी ठिकाणं जागी होतात. या माशीच्या शृंगिकेवर सुमारे १२०० वासपेशी असतात आणि पाल्पवर जेमतेम १२०. गंमत अशी, की माशी कार्बन डायऑक्साइड शृंगिकेने हुंगते, डास पाल्पने. एकच काम, पण अवयव बदलला. सिद्दिकी पुढे बंगळूरला गेले, रॉड्रिग्जही. रॉड्रिग्ज २०१० साली वारल्या, सिद्दिकी २०१३ साली.

कीटकांच्या नाकाविषयीच्या ज्ञानाचा रोजचा उपयोग पाहायचा तर आंब्याच्या बागेत जावं लागतं. बिहारातल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेतले हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवलं, की डासांना दूर ठेवायला वापरतात त्या सिट्रोनेला तेलाकडे ड्रोसोफिलाहून वेगळ्या फळमाशीचे नर धाव घेतात. तीन वर्षांत त्यांनी यातलं खरं आकर्षण हुडकलं, मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. आज कोकणातल्या हापूसच्या बागांमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगलेला दिसतो, त्यात याच रसायनाचं आमिष असतं. फळाला डंख मारून अंडी घालते ती मादी, पण सापळ्यात अडकतात नर. नर संपले की माद्यांची अंडी फुकट. विदर्भात गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत लावतात ते कामगंध सापळेही नरांच्याच शृंगिकांवर बेतलेले.

मग डासांसाठी असा स्वस्त डबा का नाही? काशीमीऱ्याच्या प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत विचारावा असा हा प्रश्न आहे. कारण सरळ आहे. फळमाशीचा नर एका रसायनासाठी वेडा होतो. डासाच्या मादीचं तसं नाही. कार्बन डायऑक्साइड टिपणारं जनुक बंद केलेल्या एडीसच्या माद्याही माणूस शोधून काढतात, हे २०१४ साली दिसलं. २०२२ साली आणखी एक गोष्ट उघड झाली: एडीसच्या एकेका वासपेशीत अनेक तऱ्हेचे ग्राहक एकत्र नांदतात. एक दार लावलं तर मादी दुसऱ्याने आत येते. कार्बन डायऑक्साइड सोडणारे सापळे आहेत, पण त्यांना सिलिंडर नाहीतर कोरडा बर्फ लागतो. डास मोजायला ते उत्तम, वस्ती वाचवायला परवडत नाहीत.

त्यामुळे मुंबई परिसरातली डासांशी लढाई शंभर वर्षं मुख्यतः पाण्यावर चालली आहे. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या डासाला अनोफिलिस स्टेफेन्सी हे नाव १९०१ साली लिस्टन यांनी दिलं. परळच्या, आज हाफकिन संस्था म्हणतात त्या प्रयोगशाळेचे ते पुढे संचालक झाले. १९११ साली बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला आणि विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी झाकल्या, बुजवल्या. डास गच्चीवरच्या टाक्यांत गेला.  आता काशीमीऱ्यासारख्या ठिकाणी टॉवर उभे राहताहेत तिथे लिफ्टचे खड्डे, तळघरात साचलेलं पाणी, स्लॅबवर मारलेलं पाणी असं सगळं त्याच्या सोयीचं आहे. अंडी कुठे घालायची हे ठरवतानाही मादी पाण्याचा वास घेते. धुराची गाडी आली की लोकांना बरं वाटतं, पण धूर उडत्या डासांपुरता. पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही. तिच्यासाठी टाकीचं झाकण घट्ट बसवणं, खड्ड्यात अळीनाशक टाकणं, जिथे पाणी काढता येत नाही तिथे गप्पी मासे सोडणं, एवढीच कामं आहेत. ती बिल्डरच्या साइटवर वेळेवर होतात का, हे मात्र एखाद्याने दर आठवड्याला जाऊन पाहावं लागतं, कारण अंड्यापासून डास व्हायला पावसाळी उकाड्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात.