लाल ओळींचा दिवस

सकाळी ९.३० : छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजची लॅब उघडते. वैजापूर, पैठण, कन्नडची मुलं एसटीतून उतरून थेट येतात. आज गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. पहिले वापरणारे मुरलेले प्रोग्रामर होते. नवख्याला त्याचे संदेश अजूनही जड जातात.

१०.१५ : ‘फेटल: नॉट अ गिट रिपॉझिटरी’. एक मुलगी की-बोर्डवरून हात काढून घेते. “मॅडम, काही बिघडलं का?” काहीच बिघडलेलं नाही. ती प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर आहे, एवढंच. ते मात्र संदेश सरळ सांगत नाही.

११.०० : पहिली कमिट, म्हणजे बदलांची पहिली नोंद. गिट विचारतं, तुम्ही कोण? आणि लगेच खाली नाव व ईमेल नोंदवायच्या दोन कमांड पूर्ण लिहून देतं. मुलं त्या वाचून पुढे जातात. काहींच्या कमिटवर ‘युअर नेम’ उमटतं, कारण नमुना तसाच उतरवलेला असतो. तरी वाट दाखवणारा संदेश असा असावा.

१२.३० : दोघांचं एकच प्रोजेक्ट, दुसऱ्याचं पुश, म्हणजे काम सर्व्हरवर पाठवणं, ‘रिजेक्टेड’. आधी पुल करा, म्हणजे सर्व्हरवरचं नवं काम उतरवून घ्या, हा सल्ला खालच्या ओळींत आहे, पण नजर वरच्या लाल ओळीवरच अडकते. घाईत कोणी फोर्स पुश, म्हणजे जबरदस्तीनं पुश केलं, तर सर्व्हरवरचं जोडीदाराचं काम पुसलं जातं. म्हणून लॅबचा नियम : शेवटची ओळ वाचल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

२.३० : एक जण जुन्या कमिटवर जातो आणि संदेश येतो : ‘डिटॅच्ड हेड’. नाव ऐकूनच धसका बसतो. पण परतीची कमांड त्याच संदेशात आहे : ‘गिट स्विच -’. ही स्विच कमांड २०१९ मध्ये आली, जुन्या चेकआउट कमांडमुळे होणारा गोंधळ कमी करायला.

४.०० : आता मुलं स्वतः संदेश लिहितात. जाधववाडीच्या बाजारातली मक्याची आवक नोंदवणारं त्यांचं छोटं ॲप आहे. ‘इनव्हॅलिड इनपुट’ खोडून एक जण लिहितो : “वजन आकड्यात लिहा, क्विंटलमध्ये. बाकीची माहिती जशीच्या तशी आहे.” हमालापासून अडत्यापर्यंत कुणालाही कळेल.

५.३० : लॅब बंद करताना फळ्यावर तीन प्रश्न ठेवते : काय झालं? काय शाबूत आहे? आता काय करायचं? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकानं आपला संदेश या तिन्हींवर तपासावा. नवखा माणूस चुकणारच. त्याला पुढची पायरी दाखवणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे.