स्कॉटलंडहून काय आणावे?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो वरीलप्रमाणे. चिटणिसांनी दूरध्वनी करून विचारले, "विषय बरोबरच लिहिलात ना?" बरोबरच लिहिला होता. आपल्या इचलकरंजीत आज उन्हाळ्यात ज्या घराला कुलूप दिसते, त्या घरचे आईबाप बहुधा लेकीच्या नाहीतर लेकाच्या घरी परदेशी गेलेले असतात. परत येताना बॅगेत काय भरावे हा त्यांचा प्रश्न खरा आहे. शिवाय प्रश्न कापडाचा आहे, आणि कापडाविषयी बोलण्याचा अधिकार या गावात कोणालाही आहे.

आमची कन्या ग्लासगोला नोकरीला आहे. तिच्याकडे आम्ही उभयता महिनाभर राहून आलो. पहिल्याच आठवड्यात एडिंबरो पाहिले. तेथे डोंगरावरच्या किल्ल्यापासून खालच्या राजवाड्यापर्यंत एक जुना उताराचा रस्ता आहे, त्याला रॉयल माइल म्हणतात. दोन्ही बाजूंना भेटवस्तूंची दुकाने, दारात चौकटीच्या कापडांच्या राशी, आत पुंगीबाजाचे ध्वनिमुद्रित सूर. तेथे आम्ही दहा पौंडांना एक मफलर घेतला. तांबड्या-हिरव्या चौकटी, हाताला मऊ, कागदावर स्कॉटलंडचे काटेरी फूल आणि खाली त्यांच्या परंपरेविषयी चार गौरवाची वाक्ये. माल कोणत्या देशात झाला, हे मात्र कोठेही नव्हते. घरी आल्यावर आम्हांला शंका आली. झालरीतला एक धागा उपटून बशीत धरून काडी लावली. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता आणि बोटांनी चुरडेल अशी राख राहिली असती. हा धागा वितळला आणि टाचणीच्या डोक्याएवढा कडक मणी उरला. ॲक्रिलिक! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, उभा जन्म सुतात गेला ना तुमचा?" यावर उत्तर नव्हते.

तेव्हापासून आम्ही चौकशी सुरू केली. जी माहिती मिळाली तीच आज सांगावयाची आहे.

प्रथम 'खरी वस्तू' कशाला म्हणावयाचे? स्कॉटलंडच्या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या पुंगीबाजांपैकी पुष्कळसे पाकिस्तानातील सियालकोट येथे होतात. क्रिकेटच्या बॅटी आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणारे हेच ते सियालकोट. तेथील कारागीर शिसवी लाकूड कातून वाद्य करतो, ते कष्टानेच करतो. त्याच्याशी आमचे काडीचे भांडण नाही. त्याच्या मालावर त्याचे नाव असावे आणि सियालकोटचा म्हणून तो विकला जावा, एवढेच म्हणणे. भांडण आहे ते त्याचे नाव पुसून स्वस्तात घेतलेला माल स्कॉटलंडच्या भावाने विकणाऱ्याशी. यात दोघांची मजुरी बुडते. सियालकोटच्या माणसाला खरा भाव मिळत नाही आणि स्कॉटलंडच्या माणसाचे काम जाते. म्हणून आमची व्याख्या साधी आहे: जी वस्तू कोणी, कोठे केली हे लपवीत नाही, आणि जिच्या किमतीतून करणाऱ्याच्या हातावर काही पडते, ती खरी.

चिठ्ठी वाचताना शब्द नीट पाहावेत. 'स्कॉटलंडमध्ये विणलेले' याला अर्थ आहे. 'स्कॉटलंडमध्ये आरेखित' याचा अर्थ एवढाच की, कागदावरची रेघ तिथली. 'स्कॉटिश शैलीचे' याला काहीच अर्थ नाही.

आता चौकटीच्या कापडाविषयी, म्हणजे टार्टनविषयी. दुकानदार तुम्हांला सांगेल की, अमक्या कुळाची अमुक चौकट हजारो वर्षांपासून चालत आली आहे. त्याकडे हसून पाहावे. डोंगरी लोक चौकटीचे कापड पूर्वीपासून वापरीत, हे खरे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत त्यांचा पराभव झाल्यावर सरकारने त्यांच्या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ साली उठली, हेही खरे. परंतु प्रत्येक कुळाची ठरलेली चौकट ही बव्हंशी एकोणिसाव्या शतकातली रचना आहे. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी समारंभाची आखणी केली आणि मोठमोठ्या मंडळींना टार्टन नेसविले. मग मागणी वाढली, आणि मागणी आली की इतिहास मागोमाग येतो. आज या चौकटींची सरकारी नोंदवही आहे. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. आपल्याला तिथले कूळ नाही, तेव्हा डोळ्यांना आवडेल ती चौकट घ्यावी, कोणी अडवीत नाही. परीक्षा मात्र करावी. कापड उलटून पाहावे. खरे टार्टन रंगवलेल्या सुताचे तिरप्या विणीचे असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना रंग सारखा. पाठीमागे रंग फिका दिसला, तर ते विणलेले नाही, छापलेले आहे.

आमचे मन खरे रमले ते हॅरिस ट्वीडमध्ये. स्कॉटलंडच्या वायव्येस समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. लुइस, हॅरिस, युइस्ट, बारा ही त्यांतली नावे. (बारा हे बेटाचे नाव आहे, संख्या नव्हे. आमची सौभाग्यवतींशी यावरून गंमत झाली.) तेथे दाट, खरबरीत लोकरी कापड विणतात. १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटने या एका कापडासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार लोकर शुद्ध आणि नवी हवी; ती बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी; विणकाम बेटवासीयांनी आपापल्या घरी, हाताने केलेले हवे; आणि शेवटचे धुणे-इस्त्रीही बेटांवरच झालेले हवे. तरच त्यावर पृथ्वीचा गोल आणि वर क्रूस, असा शिक्का उमटतो.

हा शिक्का कायद्याहून जुना आहे. १९०९ साली संघटना स्थापन झाली आणि लगेच चिन्हाची नोंदणी झाली, कारण त्या काळीच भलत्या ठिकाणचे कापड हॅरिसच्या नावाने खपू लागले होते. पुढे मुख्य भूमीवरच्या गिरण्यांत कातलेले सूत वापरलेल्या कापडालाही हे नाव द्यावे की नाही, यावर वर्षानुवर्षे खटला चालला. १९६४ साली एडिंबरोच्या न्यायालयात लॉर्ड हंटर यांनी बेटांच्या बाजूने निकाल दिला. एका शिक्क्यासाठी एवढा अट्टाहास का, असे कोणी विचारील. त्या वाऱ्याच्या बेटांवर मासेमारी आणि थोडी शेती यांखेरीज दुसरे काम थोडेच. कातणी बाहेर गेली असती, तर मागोमाग मागही बाहेर गेला असता.

उलापूल बंदरातून पावणेतीन तास आगबोटीने जाऊन आम्ही स्टॉर्नोवेस उतरलो. एका विणकराने घरामागच्या पत्र्याच्या खोपटात आपला माग दाखविला. हातमाग म्हटले तरी तो पायाने चालतो. सायकलसारखी पायटी मारावयाची, वीज नाही. पूर्वीचा अरुंद माग हॅटर्सली नावाचा होता, त्यावर सुमारे ७५ सेंटिमीटर पन्ह्याचे कापड निघे. १९९० नंतर दुप्पट पन्ह्याचे माग आले. आवाज ऐकून क्षणभर आम्हांला गावीच असल्यासारखे वाटले. गिरणीची गाडी ताण्याचे बीम आणि बाण्याचे सूत घरी टाकून जाते, विणलेले कापड उचलून नेते, आणि मजुरी मीटरवर मिळते. आम्ही म्हणालो, "म्हणजे तुम्ही आमच्यासारखे खर्चीवाले!" कन्येने हा शब्द त्याला समजावून देण्यात दहा मिनिटे घातली, आणि मग तो खूप हसला. परंतु त्याने पुढे जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. २००६ च्या सुमारास सर्वांत मोठी गिरणी एका बाहेरच्या मालकाने घेतली आणि हजारो नमुन्यांतून फक्त चार ठेवले. काम आटले, कित्येक माग बंद राहिले. पुढे २००७ साली दुसरी बंद गिरणी चालू झाली आणि धंदा सावरला. शिक्का नकली मालापासून वाचवतो, मालकाच्या लहरीपासून वाचवीत नाही, हे आम्ही टिपून घेतले. रविवारी तेथे माग बंद असतो. हे आपल्या काही मालकांना कळवावे असे वाटले.

घेणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी. पाकीट, टोपी, चष्म्याचे घर अशा वस्तूंवर गोलाच्या शिक्क्याची, अनुक्रमांक असलेली चिठ्ठी शिवलेली असते. ती चिठ्ठी कापडाची साक्ष देते, शिवणाची नव्हे. कापड बेटावरचे आणि पिशवी दुसऱ्या देशात शिवलेली, असे होऊ शकते. म्हणून आत दुसरी चिठ्ठी असल्यास तीही वाचावी. आमचा सल्ला असा की, कापडच मीटरवर घ्यावे आणि आपल्या शिंप्याकडून जाकीट शिवून घ्यावे. आपल्या हवेत पूर्ण कोट कोण घालणार?

ग्लासगोच्या शेजारी पेझली नावाचे गाव आहे. आपल्या पैठणीच्या पदरावरची, मेंदीतली, रांगोळीतली कोयरी इंग्रजीत या गावाच्या नावाने ओळखली जाते! झाले असे की, काश्मीरच्या शालींना विलायतेत प्रचंड किंमत येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पेझलीच्या विणकरांनी त्यांची नक्कल मागावर विणली आणि सुमारे सत्तर वर्षे जगाला पुरविली. काश्मीरची कोयरी पेझलीची झाली. म्हणजे ज्याला आपण अस्सल स्कॉटिश नमुना म्हणून विकत घ्यावयाचे, तो मुळात आपल्याच बाजूचा उसना माल.

परंतु पेझलीच्या विणकराला आम्ही नकलाकार म्हणून सोडून देणार नाही. त्या शालीत रंगीत बाण्यांना धरून ठेवण्यासाठी मधून मधून एक बारीक सुती धागा टाकावा लागे. त्यांच्या बोलीत त्याला 'स्मा शॉट' म्हणत. तो नक्षीत दिसत नसे, पण त्याच्यावाचून शाल टिकत नसे. कारखानदार म्हणत, जो धागा दिसत नाही त्याची मजुरी कसली? आपल्याकडे मजुरी पिकावर ठरते, म्हणून या सभेला हे अधिक समजावून सांगावयास नको. धोटा तर फेकावा लागलाच, पीक तर पडलेच! विणकरांनी दीर्घ काळ झगडा दिला आणि १८५६ साली त्या अदृश्य धाग्याची मजुरी पदरात पाडून घेतली. जुलैच्या पहिल्या शनिवारी गावात अजूनही त्याचा उत्सव होतो. विणकरांना गोळा करणारा ढोल मिरवणुकीपुढे वाजतो आणि कारखानदाराचा पुतळा जाळतात.

त्यानंतर नऊच वर्षांनी, २९ एप्रिल १८६५ रोजी, श्रीनगरमध्ये शालीच्या विणकरांनी जबर करांविरुद्ध मोर्चा काढला. महाराजांच्या फौजेने त्यांना झालदगरच्या पुलाकडे रेटले आणि अनेक जण मृत्यू पावले. कोयरी एकच, एका गावी तिच्यासाठी ढोल वाजतो, दुसऱ्या गावी माणसे मेली.

पेझलीची जुनी शाल आपल्या आवाक्यातली नाही. गुळगुळीत नव्या कापडावर छापलेली कोयरी 'पेझलीची' म्हणून कोणी देऊ लागला, तर घेऊ नये. तीच कोयरी आपल्या बाजारात चांगली विणलेली मिळते. आम्ही तेथून शालीच्या चित्राचे एक कार्ड आणले. ते युनियनच्या कचेरीत लावले आहे.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. दारू आम्ही घेत नाही, पण जावईबापूंसाठी आणणाऱ्यांनी एवढे जाणावे: स्कॉच म्हणवण्यासाठी ती स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात निदान ३ वर्षे मुरलेली असावी लागते, आणि बाटलीवर वर्षे लिहिली असतील तर ती आतल्या सर्वांत कोवळ्या थेंबाची असतात. सिंगल माल्ट २०१२ पासून तिथेच बाटलीत भरावी लागते. मिश्र स्कॉच पिंपांतून येऊन आपल्या देशातही बाटल्यांत भरली जाते, तेव्हा तिचे ओझे कशाला आणावे? शॉर्टब्रेड म्हणजे आपल्या नानकटाईचे चुलत भावंड. मैदा, लोणी, साखर. डब्यावरचे किल्ल्याचे चित्र न पाहता मागची घटकांची यादी पाहावी. लोण्याऐवजी वनस्पती तेल असेल, तर नानकटाईच बरी. चांदीचा दागिना घेतल्यास भिंगातून ठसा पाहावा. एडिंबरोच्या तपासणी कचेरीचा ठसा तीन बुरुजांच्या किल्ल्याचा आहे. मोज्यात खोचावयाची लहान सुरी घेतलीत, तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. आमच्या शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांची घेतली.

आणि शेवटी, लोकरीला कसर लागते. आणलेले ट्वीड पावसाळ्यापूर्वी एकदा ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवावे. ॲक्रिलिकच्या मफलरला याची गरज नाही. आमचा अजून जसाच्या तसा आहे.